मोहरील सरांची हळूहळू मारामारी

दहा-बारा माणसं रोज सकाळी सहाला एकाच बागेत, एक हात वर आणि एक हात खाली करून उभी राहायला लागली की किस्से जमायला वेळ लागत नाही. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या बागेत मी सहा वर्षांपासून ताई ची शिकते आहे. घरी फोनवर कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, “कोणत्या ताईची?”

ताईची नाही, मोहरील सरांची! सर सत्तरी ओलांडलेले, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. तरुणपणी कोलकात्याला पोस्टिंग होती, तेव्हा बुटांचं दुकान चालवणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याकडे ते हे शिकले. आमच्याकडून फी घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “त्या म्हाताऱ्यानं मले कुठं मागितली होती?”

आणि एक गोष्ट ते रोज सांगतात. “हा डान्स नाही. ही मारामारीच आहे, फक्त हळूहळू करून राहिलो आपण.”

* * *

साहू भैया आमच्यातले सगळ्यात धिप्पाड. हार्डवेअरचं दुकान, आवाजही लोखंडी. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “सर, इससे सचमुच लड़ाई होती है क्या?”

सर म्हणाले, “ढकला मले.”

साहू भैया संकोचले. सरांचं वजन पन्नास-पंचावन्न किलो, तेही स्वेटर धरून! “ढकला, ढकला,” सर म्हणाले, “घरी सांगून आलो आहे.”

भैयांनी दोन्ही हात सरांच्या छातीवर टेकवले आणि जोर लावला. सरांनी काही केलं असं आम्हांला दिसलंच नाही. एक हात भैयांच्या मनगटावर, दुसरा कोपरावर, आणि कंबर थोडीशी वळली. एवढंच! साहू भैया सरांच्या बाजूने सरळ पुढे गेले आणि मेंदीच्या कुंपणात थांबले.

कुंपणातूनच आवाज आला, “हव सर, होती है.”

* * *

याच साहू भैयांच्या दुकानात एकदा वरच्या फळीवरून रंगाचे डबे घरंगळले. आमच्या फॉर्ममध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत, ‘ढगाचे हात’ नावाचा एक प्रकार आहे. हात गोल फिरत राहतात, समोरून आलेला ठोसा अडवायचा नाही, नुसता बाजूला वळवायचा. भैयांनी पहिला डबा डावीकडे वळवला. दुसरा उजवीकडे वळवला. तिसरा पायावर घेतला.

दुसऱ्या दिवशी लंगडत आले. “सर, तीसरा डिब्बा फॉर्म में नहीं था!”

* * *

वसुधाकाकू तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इथे आले, हे त्या कुठल्याही वाक्यात बसवू शकतात. ‘वानराला मागे सारणे’ हा प्रकार शिकवला त्या दिवशी काकूंनी विचारलं, “हे खऱ्या वानरावर चालते का?”

सर म्हणाले, “पाहा कधी करून.”

काकूंनी खरंच पाहिलं. डोंगरगडला देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या. पायऱ्यांवर एका वानराने त्यांच्या पिशवीचा दुसरा बंद पकडला. आतमध्ये केळी. काकू ओढतात, वानर ओढतं. काकूंनी मनात सरांचं नाव घेतलं, एक पाऊल मागे टाकलं, आणि सगळी ताकद लावून हिसका दिला.

वानराने बंद सोडून दिला.

काकू पायरीवर बसल्या, केळी पसरली, आणि वानराने ती सावकाश निवडून घेतली.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “काकू, तुम्ही ताकद लावली. त्यानं नाही लावली, सोडून दिलं. वानर पास, तुम्ही नापास!”

काकू हसल्या, पण त्या दिवसापासून त्यांचे खांदे सैल झाले, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वर्षभर सर जे तोंडाने सांगत होते, ते त्या वानराने एका मिनिटात शिकवलं.

* * *

एकदा एक कराटेवाले मास्तर आले. पस्तिशीचे, तयार अंगाचे. थोडा वेळ कुंपणाबाहेर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “ये तो बुज़ुर्गों का डांस है.”

सरांनी त्यांना आत बोलावलं. मास्तरांनी ठोसा मारला, सरांनी तो ओढून बाजूला नेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. इथे थांबायला हवं होतं. पण मास्तरांनी “एक बार और” म्हटलं आणि या वेळी ठोसा नुसता दाखवून खालून पाय मारला. सर गवतावर उताणे!

साहू भैया बाह्या सरसावू लागले. सर उठले, पाठीचं गवत झाडलं आणि मास्तरांना म्हणाले, “मेरा पूरा वज़न आगे के पैर पर आ गया था. अच्छा पकड़ा! फिर से दिखाओ, कैसे किया?”

आणि पुढचा अर्धा तास आमचे सर शिष्य झाले. मास्तर सांगतात, सर करतात. चुकलं की “फिर से” म्हणतात. घरी जाताना मला मात्र वाईट वाटत होतं. आपले सर पडले, हे मनातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा आले. बूट काढले आणि शेवटच्या रांगेत उभे राहिले. मी न राहवून विचारलं, “जीते तो आप थे न?”

“दीदी,” ते म्हणाले, “जो हारते ही सीखने बैठ जाए, उससे कौन लड़े!”

* * *

आमच्या क्लासमधली शुभांगी नव्या रायपूरला ऑफिसात जाते. तिथले रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस येईल तेव्हा खरी. एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, ती स्टॉपवर एकटी उभी होती. मोटरसायकलवर दोघं आले. मागचा उतरला आणि त्याने तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने पर्स.

ती सांगते, तिला कळायच्या आत हात आपोआप फिरला. पकडलेल्या हाताचा तळवा वर, हात कमरेकडे, एक पाऊल मागे. पकडीत सगळ्यात कच्चा असतो तो अंगठा, आणि हात तिथूनच सुटतो, हे सरांनी आमच्याकडून शंभरदा करून घेतलेलं. मनगट सुटलं. त्याच वेळी तिचा दुसरा तळवा पुढे गेला आणि त्याच्या हनुवटीला लागला. तो मोटरसायकलवर जाऊन आदळला, गाडी आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी बागेत तिने हे सगळं सांगितलं. सर खाली गवतावर तिच्यासमोर बसले. “मग तू काय केलं?”

“धावले, सर. खूप धावले. पर्स तिथंच पडली, मी थांबलेच नाही.”

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “शाब्बास पोरी! हे मी शिकवायचं विसरून गेलो होतो.”

तेव्हापासून आमचा क्लास बागेला एक फेरी धावून संपतो. वसुधाकाकूसुद्धा धावतात. शुभांगीच्या आईने त्या रविवारी संत्राबर्फी आणली आणि सरांच्या पाया पडायला वाकली. सरांनी तिचे दोन्ही हात कोपरातून वर उचलले आणि म्हणाले, “हात तिचेच होते, ताई.”

* * *

आता माझा किस्सा.

माझे सासरे, बाबा, मालगाडीचे गार्ड होते. शेवटच्या वर्षांत त्यांना विसर पडत गेला. मला ते ‘मॅडम’ म्हणायचे. दिवे लागायची वेळ झाली की उठायचे, पिशवी घ्यायचे आणि दाराकडे निघायचे. “ड्यूटी आहे. हटा मॅडम.”

मी दारात उभी राहायची. ते ढकलायचे. ऐंशीचे झाले तरी हाड रेल्वेचं! माझं मनगट सुजायचं. एकदा माझ्या पकडीने त्यांच्या कोपराची साल निघाली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा बिलासपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. मी सरांना सांगितलं, “सर, मला जिंकायचं नाही. पण हरूनही चालत नाही. गेटबाहेर मोठा रस्ता आहे.”

सर त्याच संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, बाबांशी गाड्यांच्या गप्पा मारल्या. वेळ झाली, बाबा उठले. सरांनी त्यांना अडवलं नाही. आपला हात त्यांच्या हाताखाली अलगद लावला आणि त्यांच्यासोबत निघाले. बाबांनी जोर लावला की सरांची कंबर वळायची, जोर कमी झाला की सरांचा हात तिथेच, चिकटलेला. दोघं अंगणात उतरले, पेरूच्या झाडाला दोन फेऱ्या झाल्या आणि बाबा परत येऊन खुर्चीत बसले. चेहरा अगदी समाधानी!

“अडवायचं नाही,” सर मला म्हणाले, “आणि सोडायचंही नाही.”

बागेत आम्ही जोडीने हात लावून ढकलाढकलीचा जो सराव करतो, तोच मी रोज संध्याकाळी अंगणात करू लागले. पहिले आठ दिवस मी अडखळले. मध्येच घट्ट धरायची, बाबा चिडायचे. मग हळूहळू हात ऐकू लागला. ते कुठे निघाले आहेत हे त्यांच्या पावलाआधी हाताला कळायचं. पेरूला कधी दोन फेऱ्या, कधी दहा. कुणाला लागलं नाही, कुणी रडलं नाही.

एक दिवस मला ताप होता. तरी वेळ झाली तशी उठले. बाबांच्या हाताखाली हात लावला, अंगणात उतरलो. तिसऱ्या फेरीला फरशीच्या उंचवट्यावर माझा पाय मुडपला आणि तोल गेला.

बाबांचा हात माझ्या हातावरून सरकला आणि कोपराखाली आला. त्यांची कंबर वळली. मी पडले नाही, त्यांच्या खांद्याशी टेकून उभी राहिले. त्यांची पिशवी खाली पडली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“हळू पोरी,” बाबा म्हणाले. “काहून घाई करून राहिली? धर मले.”