कायम जागेची मुलाखत

आमच्या कॉलेजात कुणी अचानक गोड वागायला लागलं की सावध व्हावं, एवढी अक्कल इतक्या वर्षांत मला यायला हवी होती. मी तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जेवढे तास घेऊ, तेवढ्यापुरतेच आम्ही कॉलेजचे. दर जूनला नवा अर्ज करायचा आणि परीक्षा संपल्या की आपोआप घरी बसायचं. स्टाफरूममध्ये आम्हाला चहा कागदी कपात मिळायचा, कायम असलेल्यांना कपबशीत. असा नियम कुणी कधी केला नव्हता, पण नवा शिपाईसुद्धा आठवड्याभरात तो शिकायचा.

त्या वर्षी भूगोलाची एक कायम जागा निघाली. विषय मी शिकवत होते, सुरगाण्याच्या डोंगरात मुलांना नेऊन गावांची पाहणी मीच करून घेत होते. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत माझं वय उलटून गेलं असतं. ही गेली तर संपलंच, हे मला स्वच्छ माहीत होतं.

जाहिरात आली आणि काही दिवसांतच आमच्या शिपाईमामांनी माझ्यापुढे कपबशी ठेवली.

"मामा, हे काय?"

"साहेब म्हणले, आजपासून मॅडमला कपबशीतच द्यायचा." मामा जरा घुटमळले. "मला काय हे बरं दिसत नाय, मॅडम."

देवळाली कॅम्पला घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो हसायलाच लागला. "अगं, पर्मनंट होणार तू, म्हणून मान देताहेत. तुला ना, कुणी चांगलं वागलं तरी खुपतं!" तेव्हा लष्कराचा तोफांचा सराव चालू होता. खिडकीच्या काचा थरथरायच्या, पण कॅम्पात राहणाऱ्यांचं तिकडे लक्षही जात नाही. मी मात्र त्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला दचकत होते.

मग विभागप्रमुखांनी बोलावलं. "मॅडम, एक घरचं काम होतं." आमच्याकडे घरचं काम म्हणजे ज्याला नाही म्हणायची सोय नसते ते काम. एक मुलगी मुलाखतीला बसणार होती. नुकतीच पात्रता परीक्षा पास झालेली, संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीतली. "नुसती अनुभवासाठी बसतेय हो. तुम्ही जरा तिची तयारी करून घ्या. तुमच्याइतकं इथे येतंय कुणाला?"

"आणि माझी तयारी, सर?"

"तुमची कसली तयारी? तुम्ही तर घरच्याच."

मुलगी खरंच चांगली होती, हुशार आणि नम्र. तिचा रागही येईना, आणि त्यामुळे मी आणखीच चिडचिडी झाले. तिला मी सगळं शिकवलं. नकाशा फळ्यावर कसा काढायचा, तज्ज्ञांनी अडवलं तर गडबडून न जाता 'तपासून सांगते' कसं म्हणायचं. एकदा तिने मधेच विचारलं, "मॅडम, सुरगाण्याला जायला तुम्ही जीप कुठून ठरवता?"

मुलाखतीत जीपचं कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "खिडकीजवळचं ते कपाट आपल्याच विभागाचं ना?" त्या कपाटात माझी पुस्तकं होती, माझा डबा असायचा. मी हो म्हटलं. मला राग नंतर आला, आधी भीतीच वाटली. आता मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. कधी ओळख न दाखवणाऱ्या बाई स्वतःच्या डब्यातली थालीपीठं माझ्यापुढे सरकवायच्या, घ्या हो घ्या म्हणत. आजारी माणसाला भेटायला आल्यावर लोक बोलतात तशा आवाजात सगळे माझ्याशी बोलत होते.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघी प्राचार्यांच्या केबिनबाहेर शेजारी शेजारी बसलो होतो. आधी माझा नंबर होता. मी उठले तशी ती वाकून पाया पडली. "आशीर्वाद द्या, मॅडम." मी दिला, आणि अगदी मनापासून दिला.

आत मुलाखत छान झाली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी खोदून खोदून विचारलं, मी एकाही प्रश्नाला अडले नाही. एक जण तर दुसऱ्याकडे बघून 'वा' म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. नवराच बरोबर होता, मी उगाच कुढत बसले होते.

मी उठत होते, तेवढ्यात मुख्य खुर्चीतल्या संस्थेच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि प्रेमळपणे म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीही तुमच्या तासिका चालू राहतील, काळजी करू नका. फक्त नव्या मॅडमना पहिलं वर्ष जरा सांभाळून घ्या."

प्राचार्य समोरचे कागद सरळ करू लागले. विभागप्रमुख पंख्याकडे बघत होते. मी हो सर म्हटलं आणि बाहेर आले.

ती घाईघाईने उभी राहिली. पदर सारखा करत तिने विचारलं, "मॅडम, अवघड विचारतात का हो?"

"नाही गं," मी म्हटलं, "तुला काहीच विचारणार नाहीत."