कवाचीच शहानी

मरीच्या साथीत आमचे आईबाप तीन दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि बहीण अकराची. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्यांच्या रांगा वेशीबाहेरपर्यंत लागत. दोन पोरक्या पोरींकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

सरकारने मात्र सोय केली होती, ते नाकारून मी पाप घेणार नाही. पोरके पोर जो घरी ठेवील, त्याला त्या पोराच्या पोटापुरती ज्वारी मिळे आणि वर्षाला एक कापड. दर सहा महिन्यांनी पोर कचेरीत नेऊन दाखवायचे. मुलीची ज्वारी ती वयात येईपर्यंतच. मग तिला उजवून टाकायची, की सरकार मोकळे. गावातल्या एका कुणब्याने आम्हा दोघींना ठेवून घेतले. त्यांना आम्ही मामा-मामी म्हणत असू. मामी वाईट नव्हती. भाकरी अर्धी देई, पण दोघींना सारखी देई.

आई गेल्यापासून बहीण बोलेनाशी झाली होती. शेण काढी, पाणी भरी, माझी वेणी घाली, पण तोंडातून शब्द नाही. गावातली पोरे तिला येडी म्हणत आणि मी ढेकळे घेऊन त्यांच्यामागे धावत असे. तिच्या वाट्याचे सगळे मीच बोलायची. भूक तिला लागे, सांगायची मी. ताप तिला येई, रडायची मी.

अशातच दुसऱ्या हजेरीचा दिवस आला. कचेरीत एक कारकून होता, देशावरचा, मऊ बोलणारा. आमच्याकडचे बोलणे ऐकले की कुणी भांडते आहे असे वाटून तो दचकायचा. त्याने बहिणीला नाव विचारले. ती गप्प. गाव विचारले. ती गप्प. मग तिच्या उंचीकडे पाहत, आवाज खाली आणून तो म्हणाला, "मुलगी शहाणी झाली का?"

मला एवढेच कळले, की हाही तिला येडी समजतो आहे. माझे डोके भडकले.

"कवाचीच शहानी हाय थे!" मी ओरडले. "बोलत नाई, पन लय शहानी हाय!"

आजूबाजूचे लोक हसले. कारकुनाने मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिले. बहिणीने माझा हात इतक्या जोराने दाबला की माझी बांगडी वाढली. ती नाही-नाही म्हणून जोरजोरात मान हलवत होती, पण कारकून वर बघत नव्हता. मामी मागे पदर ओढून उभी होती, ती हलली नाही.

वाटेत मामीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "उचलली जीभ लावली टाळ्याले! काहून बोलली व तू?"

काय चुकले ते मला कळेना. मी तर बहिणीची बाजू घेतली होती. घरी येताच मामी मामाच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. "आता कागदावर चढलं," तो म्हणाला, "कचेरीचं लिहिलेलं कोन पुसते?"

बहिणीची ज्वारी बंद झाली. महिन्याच्या आत अकोल्याच्या जुन्या शहरातला एक बिजवर ठरला. कापसाच्या गाड्या हाकायचा, मोठी दोन मुले होती त्याला. रिकामी गाडी परत निघाली, तिच्यातच तिला बसवले. मी चाकाला धरून रडत होते. तिने वाकून माझ्या केसांवरून हात फिरवला आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा बोलली.

"जेवत जाय."

एवढेच. आवाज आईसारखाच होता.

तिसऱ्या वर्षी निरोप आला की पहिल्या बाळंतपणात ती गेली. बाळही गेले. निरोप आणणारा गाडीवान मामीने दिलेले पाणी पिऊन लगेच पुढे निघाला, त्याला बाजार गाठायचा होता.

त्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी कापडावर रक्त पाहून मी घाबरून मामीकडे गेले. तिने मला कोपऱ्यात बसवले, शेजारणीला हाक मारली आणि म्हणाली, "पोरगी शहानी झाली व माय."

मी म्हटले, "म्हंजे?"

शेजारीण हसत सुटली. मामी हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला कळले. सगळे एकदम कळले. मी किंचाळले असेन, कारण मामीने माझे तोंड दाबून धरले. "मले ठाव होतं थ्या दिवशी," ती रडत म्हणाली, "पोरगी लहान हाय अजून. पन इतक्या मानसाइसमोर बाईनं हे कसं बोलावं?"

मी तिला माफ केले नाही. स्वतःला तर नाहीच.

पुढच्या हजेरीला तोच कारकून होता, केस पिकलेला. त्याने मला पाहिले, आवाज खाली आणला आणि तेच विचारले. मामी पदराआड गप्प उभी होती.

"नाई जी," मी म्हणाले. "मी येडी हाय."

तो हसला आणि त्याने माझे नाव राहू दिले. मी आणखी सहा महिने सरकारची ज्वारी खाल्ली. घास गिळवत नव्हता, तरी खाल्ली. तिने तेवढेच तर सांगितले होते.