पुन्हा अवश्य या

आमच्या वाचनालयात प्राजक्ता संगणकावर रंगीत चौकोन मांडत होती. एका चौकोनातून रेघ ओढून दुसऱ्याला जोडली की पुढचं काम आपोआप होतं. नवा सभासद आला की स्वागत, पुस्तक परत यायला उशीर झाला की आठवण. मी कौतुकाने बघत होते. मग तिने ‘सभासद वारले’ हा चौकोन दाखवला. त्याला ‘शोकसंदेश’ जोडलेला होता.

"गोखलेकाकांच्या घरी कधी जायचं गं?" मी विचारलं. आमचे जुने सभासद असलेले काका परवाच गेले होते.

"आता जायला नको, मॅडम. काकूंना सकाळीच मेसेज गेलाय."

मी तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या प्रत्येक संदेशाखाली आपोआप येणारी ओळ तिथेही होती: ‘पुन्हा अवश्य या!’

अरे, माणूस गेलेल्या घरातून निघताना आपण ‘येतो’ एवढंसुद्धा म्हणत नाही! नुसती मान हलवतो आणि चपला घालतो. सगळं दुःख त्या न बोललेल्या शब्दात असतं. ते न बोलणं कुठल्या चौकोनात कोंबणार आहात?

मी पर्स उचलली.

"कुठे निघालात?"

"काकूंकडे."

आणि वाचनालयातून बाहेर पडतानाही मी ‘येते’ म्हटलं नाही.