बालाजीच्या नावाचं खोटं मौन

खरं सांगायचं तर, त्या हिवाळ्यात मी बालाजीलाच फसवायला निघाले होते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी विशीतली, अक्कल त्याहून लहान. नवरा नुकताच गेलेला, घरी सासू आणि तान्ही लेक. वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकायचं काम मिळालं होतं, आणि मला दमा. तंतू उडाले की छातीत शिट्ट्या वाजत. दमेकरी बाईला कामावर कोण ठेवणार? मी शक्कल काढली. बोललंच नाही तर धाप कळेल कुणाला? ओठांवर बोट ठेवून बालाजीच्या देवळाकडे हात केला. बायांना वाटलं, बालाजीचं मौन.

मग काय, माझा थाट वाढला. कुणी पेरू आणून दिला, कुणी वाकून नमस्कार केला. घरी मात्र सासूशी भांडायला आवाज खणखणीत. आठ दिवसांत दाराजवळची, वाऱ्याची जागा मिळाली, तेव्हा वाटलं, देव खोट्यालाही पावतो.

एका सकाळी धुक्यात दम असा कोंडला की मी रेच्यासमोरच खाली बसले. तोंडात हवा नव्हती. मनातच म्हटलं, बालाजी, आता तू बघ. त्याचं नाव खरं घेतलं ते तेव्हाच. मुकादमीण गंगूबाईनं मला धरून बाहेर निंबाखाली नेलं, कोमट पाणी घोटघोट पाजलं.

“सोड आता ते मौन.”

“दमा हाय मले. कामावरून काढू नका, बाई.”

“मले पयल्या दिवसापासून ठाव हाय. तुही छाती रेच्यापरीस जोरात वाजते. दारापाशी तुले कोनं बसवलं, बालाजीनं?”

“मले तर तसंच वाटलं.”

ती इतकी हसली की तिलाच ठसका लागला. मग हळूच म्हणाली, “माही माय दम्यानंच गेली, पोरी. सांगाले काय झालं होतं तुले?”

जिनाच्या शेठजींना तिनं एवढंच सांगितलं, “बाई कामाची हाय, जागा चुकली.” त्यांनी जरा विचार केला आणि बरं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी निंबाखाली फाटकी पोती शिवू लागले. दम लागेल त्या दिवशी माझ्या वाटणीचे टाके शेजारणी घालत. बरी असले की त्यांची लेकरं माझ्या मांडीवर. शिवता शिवता तिथंच केस पांढरे झाले.

वाऱ्याची जागा गंगूबाईनं दिली की त्यानं, हे मी आता विचारत नाही. मी सगळं झाकून बसले होते, तेव्हाही कुणीतरी माझ्या श्वासाची काळजी वाहत होतं, हे आठवलं की हात आपोआप जुळतात. शरण जाणं म्हणजे माझ्यापुरतं एवढंच: आपलं दुखणं त्याच्या माणसांपाशी उघडं करणं.

मौन मात्र त्यानं असं मोडलं की पुन्हा जुळलं नाही. आमच्या जावयाला विचारा.