पट्टीनं आखलेली वही

काल डॉक्टरांचं बोट माझ्या वहीवरून सावकाश खाली उतरताना मी पाहत होते. मुलांनो, तुमच्या आजोबांचा रक्तदाब मी रोज सकाळी मोजते आणि पट्टीनं आखलेल्या रकान्यात लिहिते.

"आजी, अशी वही माझ्या एकाही पेशंटची नाही," डॉक्टर म्हणाले. "आकडे छान आहेत. एक गोळी बंद करू या."

"बघ, उगाच गिळत होतो," आजोबा खूश होऊन मला म्हणाले.

मी मात्र वही माझ्याकडे ओढून घेतली. आकडा जास्त आला की मी त्यांना पाणी देते, पडायला सांगते, पुन्हा मोजते. तिसऱ्यांदा बरा येतो, तोच लिहिते. अलीकडे सकाळी सकाळी वाईट काही सोसण्याची ताकदच उरलेली नाही.

तुमचे बाबा ऑफिसात तक्ते पाहून निर्णय घेतात. धरणावरचे इंजिनिअर पाण्याची पातळी वाचून दरवाजे उघडतात. त्यांच्या आकड्यांमागेही माझ्यासारखं कुणी दमलेलं माणूस असेल का?

मी डॉक्टरांना खरं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "मग गोळी चालू राहू दे. यापुढे पहिला येईल तोच लिहा."

"म्हणजे इतके दिवस माझा नाही, स्वतःच्या मनाचा रक्तदाब लिहीत होतीस!" आजोबा म्हणाले.

आज सकाळी पहिलाच आकडा एकशे सत्तर आला. तो मी लिहिला. मग पुन्हा न मोजता त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडायला मला बराच वेळ लागला.