मालकाने बोलायचं नाही

अलेक्झांड्रियात भांडायला कारण लागत नाही. आमच्या छायाचित्रकार मंडळात तर ते दर गुरुवारी टेबलावर आणूनच ठेवलं जाई. अत्तारीन भागातल्या एका कहवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो. ज्याने त्याने आपलं एक चित्र उताणं ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, असा कार्यक्रम. पूर्वी चित्राचा मालक लगेच वकिली सुरू करी: ऊनच तसं होतं, बकरी हलली, नवरी रडत होती. एकदा वाद बकरीवरून सुरू होऊन पेले फुटेपर्यंत गेला, तेव्हा घत्तास यांनी नियम घातला. चर्चा चालू असताना मालकाने गप्प बसायचं आणि शेवटी फक्त आभार मानायचे. खुलासा बंद. ज्या चित्राला खुलासा लागतो ते परत काढावं, असं ते म्हणाले. दुसऱ्याला गप्प बसवणारा नियम सगळ्यांना ताबडतोब पटला.

घत्तास आमच्यात थोरले, म्हणून त्यांना सगळे 'अम्म', म्हणजे काका, म्हणत. वडिलांचा स्टुडिओ ट्रामच्या रस्त्यामागे होता. घत्तास शाळेतून जे तडक त्याच्या डार्करूममध्ये शिरले, ते म्हणावे तसे बाहेर आलेच नाहीत. पलटणीत निघालेली पोरं, साखरपुड्याची जोडपी, पासपोर्टसाठी चेहरा पाडून बसणारी माणसं, सगळी त्यांच्या हाताखालून गेली. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवण्यात त्यांचा हात बसलेला. एका नवरीच्या गालावरचा तीळ त्यांनी आपण होऊन पुसून टाकला. काही दिवसांनी सासू फोटो घेऊन हजर. म्हणाली, तीळ फोटोत नाही आणि घरात आहे, शेजारणी विचारतात सून बदलली का. त्यांनी तीळ परत बसवून दिला आणि त्यानंतर विचारल्याशिवाय कुणाचं काही पुसलं नाही. पुढे लोकांच्या खिशात फोन आले आणि गिऱ्हाइकं आपापले तीळ स्वतःच पुसू लागली.

तरी स्टुडिओ चालू होता, म्हणजे दार रोज उघडत होतं. मग इमारत विकली गेली आणि जागा रिकामी करायची वेळ आली.

सामान फार नव्हतं. कॅमेरे, मेलेल्या बॅटऱ्या, फ्लॅश, आणि वापरलेल्या हायपोचे डबेच्या डबे. फोटो पक्का करणारं हे पाणी चांदी पोटात घेऊन बसतं, आणि घत्तासांनी ते कधी मोरीत ओतलं नव्हतं. आपण समुद्राला जे पाजतो ते माशातून ताटात परत येतं, असं त्यांचं मत. शिवाय वडिलांच्या वेळचा एन्लार्जर होता: जाड लोखंडी खांब, वर दिव्याचं डोकं, खाली पाटा. निगेटिव्हमधला नखाएवढा चेहरा तो कागदावर ताटाएवढा करी. अजून करत होता.

सामानाच्या बाबतीत मंडळ आधीच पोळलेलं होतं. एक सभासद वारले, बायकोने सगळं भंगारवाल्याला दिलं, आणि त्यांचा कॅमेरा एका मासळीच्या हॉटेलात प्लास्टिकच्या फुलांत उभा सापडला. लुत्फी सांगतो की ते बघून त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. मी बरोबर होतो, उतरला. हा लुत्फी ट्राममधला निवृत्त तिकीट तपासनीस. अजूनही समोरच्याकडे तो विनातिकीट असल्यासारखाच बघतो. त्या प्रकारानंतर मंडळाने ठरवलं की सभासदाचं सामान शोभेची वस्तू होता कामा नये. औषधांचं दुकान चालवणाऱ्या इन्जीने तर दवाखान्यांचा विषारी कचरा नेणारी एक कंपनीच शोधून काढली. हायपोचे डबे ती नेणार म्हटल्यावर घत्तासांनी इन्जीला मनापासून दुवा दिला.

त्या गुरुवारी त्यांनी टेबलावर ठेवलेल्या चित्रात डार्करूमचा कोपरा होता. एन्लार्जर आणि शेजारी रिकामी खुर्ची.

"खुर्चीने घात केलाय," लुत्फी म्हणाला. "रिकामी खुर्ची बघितली की मला दातांचा डॉक्टर आठवतो."

इन्जीला डावी बाजू फार काळी वाटली. मी उजवी बाजू कापायला सांगितली. कापायला सांगितलं की माणूस जाणकार दिसतो. मग बोलणं चित्रावरून यंत्रावर घसरलं. याचं काय करायचं? कुणाला दिलं तर दोन वर्षांत झालर लावून त्याचा दिवा करतील, लुत्फी म्हणाला. इन्जी म्हणाली, त्यापेक्षा कंपनीला सांगू, सुटं करून लोखंड लोखंडात जाईल, काच काचेत, विटंबना नाही. आम्हाला ते फार जबाबदारीचं वाटलं. चित्र टेबलावरच होतं, तेव्हा मालक गप्प होता. शेवटी त्याने आभार मानले.

पुढच्या गुरुवारी घत्तास दुसरं चित्र घेऊन आले. तेच यंत्र, पण दिवा लावलेला, पाट्यावर उजेडाचा पांढरा चौकोन, आणि खुर्चीवर घडी करून ठेवलेला एप्रन, नाड्या पुढे सोडलेल्या. कुणी काही कापायला सांगितलं नाही, हे आमच्याकडे अघटितच. लुत्फीने चष्मा पुसला.

"अम्म, निरोप घ्यावा तर असा," तो म्हणाला. "यापुढे कॅमेरा हातात धरला नाहीत तरी चालेल."

घत्तासांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि आभार मानले.

शनिवारी कंपनीची गाडी आली. मी डबे उचलायला गेलो होतो. कंपनीचा माणूस सज्जन होता, पण अख्खं यंत्र त्याच्या नियमात बसत नव्हतं आणि सुटं करायला त्याने हातोडा आणला होता. घत्तासांनी त्याला थांबवलं, पेचकस घेऊन जमिनीवर बसले आणि एकेक स्क्रू काढून माझ्या हातात देऊ लागले.

"कुणी नेतंय का, असं विचारत होतो त्या चित्रात," ते म्हणाले. "चालू आहे अजून. दिवा लावून दाखवला होता."

"मग बोलायचं होतंत, अम्म."

"बोललो की. दोनदा." त्यांनी पुढचा स्क्रू दिला. "तुम्हाला दिसलं नाही, म्हणजे चित्र कच्चं. तुम्ही ते उत्तम म्हणालात, ती गोष्ट वेगळी."

मी बाहेर जाऊन इन्जीला फोन केला. ती म्हणाली, मी आत्ता गाडी थांबवते, पण ठेवशील कुठे? लुत्फीची बायको त्याची कॅमेऱ्याची तिवईसुद्धा घरात घेत नाही. इन्जीच्या दुकानामागची खोली दिराने बळकावलेली. माझी न्हाणी दोन बिऱ्हाडांत एक, तिथे अंधार करायचा तर शेजाऱ्याने आंघोळ कधी करायची? आणि जागेची किल्ली त्याच दिवशी द्यायची होती. बघतो, असं सांगून मी फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं.

आत गेलो तर खांब आडवा झाला होता. भिंग गोणीत टाकायचं तर त्याला पितळेचं कडं. काचेत धरायचं की धातूत, यावर तो माणूस अडला. घत्तासांनी कडं फिरवून अलग केलं आणि दोन्ही दोन हातांनी त्याच्यापुढे धरलं.

सामान चढलं, गाडी सुरू झाली, पण गल्लीच्या तोंडाशी उकडलेल्या पावट्याची हातगाडी उभी होती आणि तिचा मालक कुणाशी तरी हुज्जत घालत होता. गाडी आमच्यापुढेच थांबून राहिली. मागचं दार उघडं, लोखंडाच्या गोण्यांवर तो खांब. हात लांब केला असता तर लागला असता. घत्तास पेचकस पुसत उभे होते. मी शेजारी. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, उतरून सिगारेट पेटवली, अर्धी ओढली, आमच्याकडे बघून हसला, म्हणाला, या गल्लीत नेहमीचंच आहे. आम्हीही मान हलवली. मग हातगाडी बाजूला झाली.