पाण्याखालचं नाव

नारळी पौर्णिमा जवळ आली की रेवसला किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांना नवा रंग चढतो. शाळेत शिकवायला जाताना मी रोज एका मुलीला बघायचे. ती होड्यांवर नावं रंगवायची. मुंबईत चित्रकला शिकून आली होती म्हणे. पण आमच्याकडे याला कला कोण म्हणतो? रंगकाम म्हणतात. एक ब्रश दातांत, एक हातात. अक्षर पुरं झालं की चार पावलं मागे जाऊन मान कलती करून बघायची. छान झालंय म्हणायला शेजारी कुणी नसायचं. डबाही होडीच्या सावलीत एकटीच खायची.

एकदा ती गुडघ्यांवर बसून होडीच्या अगदी खालच्या अंगाला बारीक अक्षरांत काहीतरी लिहीत होती.

"हे काय गं?"

"माझं नाव. वर लिवू देत न्हाय मालक. होडीवर परक्याचं नाव चालत न्हाय."

"अगं, पण हे पाण्याखाली जाणार. वाचणार कोण?"

"मासळी भरून आली तर कोनीच न्हाय," ब्रश पुसत ती म्हणाली. "होडी रिकामी आली, तरच दिसंल."

पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. परवा संध्याकाळी मी धक्क्यावर उभी होते. तीच होडी परतत होती, पाण्यावर उंच, हलकी. खालचं नाव स्वच्छ दिसलं. मी ते आनंदाने मोठ्याने वाचलं.

मग होडीतल्या माणसांकडे बघायची मला हिंमत झाली नाही.